हॉट डॉग, वडापाव आणि अण्णांची गाडी

"बाबा, हॅमिल्टनमधला बेस्ट हॉट डॉग कुठे मिळतो?"

२०२३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर थंडी सुरू झालेली, मी नुकताच ऑफिसातून येऊन चहाचा कप हातात घेतलेला आणि लेकीचा हा प्रश्न! ती तेव्हा इयर एटमध्ये, म्हणजे आपल्याकडची सातवी. मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आला असेल. पण नाही, हा होता शाळेचा प्रोजेक्ट. त्या वर्षापासून इथल्या शाळांमध्ये न्यूझीलंडचा इतिहास शिकवणं सक्तीचं झालं. वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं, की आपल्या भागातली रोजच्या बघण्यातली एखादी गोष्ट निवडा आणि तिचा इतिहास शोधून काढा. कुणी नदीवरचा पूल निवडला, कुणी रग्बीचं मैदान. आमच्या कन्येने निवडला हॉट डॉग! "इतिहास पण होईल आणि खायला पण मिळेल," हे तिचं लॉजिक. शेवटी मुलगी कुणाची?

"आधी विचार, त्याच्या आत काय असतं ते," स्वयंपाकघरातून आवाज आला. आमच्या घरी कुठल्याही नवीन पदार्थाचं स्वागत गेली पंधरा वर्षं याच वाक्याने होतं.

तर मंडळी, त्यानंतरचे चार-पाच शनिवार-रविवार आम्ही बापलेक हॅमिल्टनभर हॉट डॉगच्या गाड्या शोधत फिरलो. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगावं, म्हणून हा लेखाचा खटाटोप. शोधायला गेलो होतो सॉसेज आणि सापडलं भलतंच, पण ते शेवटी सांगतो.

काडीवरचा कुत्रा

सुरुवातीलाच एक घोळ झाला. हॉट डॉग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लांबट पाव, मध्ये सॉसेज आणि वर मोहरीचा पिवळा सॉस असं अमेरिकन सिनेमातलं चित्र. इथे फिश अँड चिप्सच्या दुकानात जाऊन नुसतं "हॉट डॉग द्या" म्हणालात, तर हातात येते एक काडी! काडीला सॉसेज टोचलेलं, ते पिठात बुडवून तळलेलं आणि त्याचं टोक टोमॅटो सॉसमध्ये बुचकळलेलं. पावातला हवा असेल तर "अमेरिकन हॉट डॉग" असं स्पष्ट सांगावं लागतं. २००८ साली मी इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी ही फजिती झाली होती. दुकानदाराला मी, "पाव विसरलात का?" असं विचारलं होतं. तो हसला, मीही हसलो, आणि मुकाट्याने काडी चोखत घरी आलो.

पण नीट विचार करा. पिठाचं आवरण, आत मऊ सारण, उकळतं तेल आणि वरून तिखट-आंबट काहीतरी. ही आपलीच रेसिपी नाही का? आपण बटाटा बुडवतो, ते सॉसेज बुडवतात. पीठ आपलं बेसनाचं, त्यांचं मैद्याचं. न्यूझीलंडचा हॉट डॉग अमेरिकेच्या हॉट डॉगपेक्षा आपल्या बटाटेवड्याच्या जास्त जवळचा आहे, हे माझं ठाम मत झालंय.

ही काडीची कल्पनाही मूळची इथली नव्हे. १९२७ साली अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या एका माणसाने पदार्थ काडीला टोचून, पिठात बुडवून तळायच्या यंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला होता. तिथे मक्याच्या पिठामुळे त्याला कॉर्न डॉग म्हणतात. ऑस्ट्रेलियात त्याला डॅगवुड डॉग, प्लूटो पप अशी नावं आहेत. आपले किवी मात्र सरळ. हॉट डॉग म्हणजे हॉट डॉग, बस्स!

नावाची भानगड

प्रोजेक्टच्या पहिल्या तक्त्यावर लेकीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "याला डॉग का म्हणतात?" त्याचं उत्तर शोधताना मजा आली. सॉसेज जर्मन लोकांनी अमेरिकेत नेलं. फ्रँकफुर्टचं ते फ्रँकफर्टर आणि व्हिएन्नाचं ते वीनर. एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. बेसबॉलच्या मैदानावर एका व्यंगचित्रकाराने पावात बसवलेला लांबट कुत्रा काढला, त्याला त्या जातीच्या अवघड जर्मन नावाचं स्पेलिंग आलं नाही, म्हणून त्याने 'हॉट डॉग' लिहून टाकलं. गोष्ट छान आहे, पण ते चित्र आजवर कुणाला सापडलेलं नाही. त्याच्या आधीच, १८९५ साली, येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मासिकात हा शब्द छापून आलेला आहे. तिथली मुलं रात्री होस्टेलबाहेर उभ्या राहणाऱ्या खाण्याच्या गाड्यांना गमतीने 'डॉग वॅगन' म्हणायची. सॉसेजमध्ये नक्की कुठलं मांस असतं कोण जाणे, असा तो टोमणा होता. म्हणजे "आधी विचार, आत काय असतं ते" हा आमच्या सौ.चा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच अमेरिकेत विचारून झाला होता! हे तिला सांगितल्यावर तिने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

हॉट डॉगच्या इतिहासात मला सगळ्यात भावली ती त्याच्या मागे उभी असलेली माणसं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८६७ च्या सुमारास चार्ल्स फेल्टमन नावाचा जर्मन माणूस ढकलगाडीवर पावात सॉसेज घालून विकायला लागला. धंदा वाढत वाढत त्याचं मोठं रेस्टॉरंट झालं. त्या रेस्टॉरंटात पोलंडमधून आलेला नेथन हँडवर्कर नावाचा एक गरीब ज्यू पोरगा कामाला होता. त्याने १९१६ साली स्वतःचं छोटं दुकान काढलं. मालकाकडे हॉट डॉग दहा सेंटला, तर याच्याकडे पाच सेंटला. नेथनच्या दुकानाचं नाव पुढे जगभर झालं. शिकागोतही तसंच. १८९३ साली तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. त्याच प्रदर्शनात ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले दोन तरुण सॉसेज विकत होते, हे कुणी सांगितलं नव्हतं! त्यांचीच पुढे 'व्हिएन्ना बीफ' ही कंपनी झाली. नंतर १९२९ ची महामंदी आली. नोकऱ्या गेल्या तेव्हा शिकागोच्या रस्त्यांवर पाच सेंटमध्ये कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि मिरच्या घातलेला भरगच्च हॉट डॉग मिळायचा. एका नाण्यात अख्खं जेवण.

परक्या देशातून आलेली किंवा नोकरी गेलेली माणसं, हातात भांडवल नाही, मग एक गाडी, एक शेगडी आणि घरची एक रेसिपी. हे वाक्य लेकीच्या वहीत मीच लिहून दिलं आणि लिहिताना हात किंचित थांबला. का, ते पुढे येईलच.

आणि ज्यांना हा पदार्थ हलका वाटतो त्यांच्यासाठी एक माहिती. ११ जून १९३९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी यांना आपल्या घरी पिकनिकला बोलावून हॉट डॉग खायला घातले होते. जगभर त्याची बातमी झाली. साहेबांच्या साहेबाने जे खाल्लं ते आपण खायला काय हरकत आहे?

रोटोटुनाच्या तळ्याकाठी

आता आपल्या गावाकडे वळू. आम्ही राहतो हॅमिल्टनच्या उत्तरेला, रोटोटुनाला. घर घेतलं तेव्हा सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, "टुना म्हणजे तो डब्यातला मासा ना?" आम्हीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. माओरी भाषेत रोटो म्हणजे तळं आणि टुना म्हणजे ईल, आपल्या वामीसारखा लांबट मासा. रोटोटुना म्हणजे वामींचं तळं! आज इथे तळं शोधून सापडत नाही. सगळीकडे एकसारखी कौलारू घरं, गोल चौक आणि दोन-दोन गाड्यांची गॅरेजेस. पण पावसाळ्यात मागच्या अंगणात पाणी साचलं की पायाखालची दलदलीची काळी माती आपलं मूळ नाव सांगते. आमच्या घरांच्या आधी इथे शेतं होती, शेतांच्या आधी दलदल आणि तिथून टुना पकडून खाणारी माणसं.

हॅमिल्टन हे नाव तरी कुठलं? इथलं मूळ गाव किरिकिरीरोआ. १८६३-६४ साली ब्रिटिश फौजा वायकाटोत घुसल्या. त्याआधी वायकाटोचे माओरी शेतकरी गहू-बटाटे पिकवत होते, स्वतःच्या पिठाच्या चक्क्या चालवत होते आणि ऑकलंडच्या गोऱ्या वस्तीला धान्य पुरवत होते. म्हणजे या भागातले खाण्याचे पहिले व्यापारी तेच! लढाईनंतर त्यांच्या लाखो एकर जमिनी सरकारजमा झाल्या आणि १८६४ मध्ये इथे सैनिकांची वसाहत बसली. त्याच वर्षी टौरंगाजवळ गेट पा इथल्या लढाईत पडलेल्या कॅप्टन हॅमिल्टनचं नाव तिला मिळालं. सरकारने वायकाटो-टाइनुई लोकांची लेखी माफी मागितली ती १९९५ साली कायदा करून. प्रोजेक्ट हॉट डॉगचा, पण लेकीने हेही लिहिलं. "बाबा, जागेचा इतिहास नको का?" मी म्हटलं, हवा. आपण ज्या जमिनीवर दिवाळीचे आकाशकंदील लावतो तिची कथा आपल्याला माहीत असावी.

गाडीवरचं खाणं या देशालाही नवीन नाही. १९१७ पासून १९६७ पर्यंत, तब्बल पन्नास वर्षं, न्यूझीलंडमधले बार संध्याकाळी सहाला बंद व्हायचे! मग रात्री भूक लागलेल्यांनी जायचं कुठे? तर 'पाय कार्ट'कडे. चाकांवरची गाडी, त्यात गरम पाय, मटार, कुस्करलेला बटाटा. ऑकलंडची प्रसिद्ध 'व्हाइट लेडी' १९४८ साली सुरू झाली ती अशीच गाडी. शिवाय गावोगावची शेतकी प्रदर्शनं. गाईगुरं, लोकरीचे गठ्ठे, पाळणे आणि काडीवरचा हॉट डॉग, असा तो सगळा थाट. आपल्या जत्रेतली भजी जशी.

सॉसेज सिझल

आमच्या शोधाचे पाच निकष लेकीने ठरवले होते. किंमत, कुरकुरीतपणा, सॉस, रांग, आणि पाचवा म्हणजे 'मागे उभा असलेला माणूस बोलतो का?' हा पाचवा मला आधी फालतू वाटला होता.

आम्ही चार दुकानांतले काडीवाले खाल्ले. पावातला अमेरिकन खाल्ला. रात्रीच्या बाजारातला चीजवाला खाल्ला. सेडन पार्कच्या क्रिकेट मैदानावरचा हॉट डॉगही तिने आठवणीतून यादीत घातला. २९ जानेवारी २०२० ची ती रात्र आमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. भारत-न्यूझीलंड सामना टाय झाला, सुपर ओव्हरच्या शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या होत्या आणि रोहित शर्माने दोन सिक्सर मारले! लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या आनंदात तिचा हॉट डॉग काडीसकट पुढच्या रांगेत उडाला. "तो मी पूर्ण खाल्ला नाही, म्हणून मार्क नाहीत," असा तिचा निर्णय.

आणि मग सॉसेज सिझल! हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांबाहेर शनिवारी-रविवारी फुटबॉल क्लबचे, शाळेचे, स्काउटचे आईबाप तवा मांडून उभे असतात. साध्या ब्रेडचा स्लाइस तिरका धरायचा, त्यात सॉसेज, परतलेला कांदा आणि टोमॅटो सॉस. प्लेट नाही, चमचा नाही. कांदा सॉसेजच्या वर की खाली, यावर २०१८ साली ऑस्ट्रेलियात केवढा गदारोळ झाला होता! वरचा कांदा खाली पडून लोक घसरतील म्हणून एका दुकानसाखळीने तो खाली घालायला सांगितला आणि देशाचे पंतप्रधानसुद्धा त्यावर बोलले. इथल्या अन्न कायद्यात (२०१४ चा तो) अशा मदतनिधीच्या विक्रीला वर्षातून वीस वेळापर्यंत नोंदणीतून सूटही आहे. मला त्यात गणपतीच्या वर्गणीचा वास येतो. पैसे हवेत म्हणून कुणापुढे हात पसरायचा नाही, चार जणांनी तव्यापाशी उभं राहायचं.

त्या कांद्यावरून आठवलं. कांदे-बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेलं पुकेकोहे हे ऑकलंडच्या वाटेवरचं गाव. तिथे भारतीय मजूर आणि शेतकरी शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत. १९२५-२६ च्या सुमारास त्याच गावात भारतीय आणि चिनी लोकांना विरोध करायला 'व्हाइट न्यूझीलंड लीग' निघाली होती. तिथले काही न्हावी आपल्या लोकांचे केस कापत नसत. १९२६ साली आपल्या लोकांनी देशभरची इंडियन असोसिएशन उभी केली, ती याच काळात. त्याही आधी आलेले आपले लोक काय करत होते? रिकाम्या बाटल्या गोळा करत होते, दारोदार फळं-भाजी विकत होते. १८९० च्या सुमारास पंजाबातून आलेल्या गिल बंधूंपैकी फुमन सिंग मिठाई करून विकत. आपल्या हॅमिल्टनमध्ये टे रापाला १९७७ साली या देशातलं पहिलं गुरुद्वार उभं राहिलं, ते अशाच कष्टकरी लोकांच्या पाठबळावर. आपण आयटीवाले, डॉक्टर, अकाउंटंट पुढे व्हिसाचे कागद घेऊन विमानाने आलो. वाट त्यांनी पाडलेली होती.

फील्डेजची आजी

जूनमध्ये मिस्ट्री क्रीकला फील्डेज भरलं. १९६९ साली टे रापाच्या रेसकोर्सवर सुरू झालेलं हे शेतीचं प्रदर्शन आता केवढं मोठं झालंय, ते तुम्ही पाहिलंच असेल. ट्रॅक्टर, गमबूट आणि चिखल. तिथे एका कोपऱ्यात हॉट डॉगची जुनी गाडी होती. मागे सत्तरीच्या पुढची एक गोरी आजी. रांग मोठी, पण लेकीने वही काढून प्रश्न विचारल्यावर ती हसून बोलायला लागली. हात मात्र चालूच. पिठात बुडव, तेलात सोड, फिरव, काढ. तीस वर्षांहून जास्त काळ ती आणि तिचा नवरा गाडी घेऊन जत्रा-जत्रा फिरत होते. या गाडीवर तिन्ही मुलं शिकली, म्हणाली. "मुलांना लाज नाही वाटली?" हा प्रश्न कुणी विचारला असेल? लेकीने नाही. मीच विचारला. माझ्या तोंडून निघून गेला. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "वाटली असणार. मोठी झाल्यावर जाते."

तिने हॉट डॉग पुढे केला तेव्हा मला तिचा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक डाग, तेल उडून भाजल्याचे. असा हात मी ओळखतो. माझ्या वडिलांचा उजवा हात असाच आहे.

परत येताना गाडीत लेकीने सहज विचारलं, "बाबा, तुमच्या लहानपणी बेस्ट गाडी कुठली होती?"

अण्णांची गाडी

मंडळी, आपल्या या मंडळात मी पंधरा वर्षं आहे. "वडील काय करायचे?" असं कुणी विचारलं की मी "बिझनेस" म्हणतो. जास्त खोदून विचारलं तर "फूड बिझनेस". ते खोटं नाही. पण खरं काय ते आज लिहितो.

माझे वडील, अण्णा, गिरणगावातल्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मी तेव्हा आठ वर्षांचा. पहिले काही महिने अण्णा आम्हाला घेऊन गावी गेले. मग परत आले, कारण गावच्या खाचरात पाच माणसांचं पोट भरत नव्हतं. आईचं मंगळसूत्र गहाण पडलं आणि १९८३ साली करी रोड स्टेशनबाहेर अण्णांची वड्याची गाडी लागली.

वडापाव तसा त्या वेळी काही फार जुना नव्हता. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सर्वसाधारणपणे मानतात, सुधाकर म्हात्रे यांचंही नाव घेतलं जातं. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द आणि पदार्थ पोर्तुगीजांबरोबर आलेले, मिरचीही त्यांनीच आणलेली. बेसन, लसूण आणि भूक तेवढी आपली. पाळी सुटलेल्या गिरणी कामगाराला उभ्या उभ्या, एका हातात धरून, लोकल यायच्या आत खाता येईल असं ते जेवण. संपानंतर गंमत उलटी झाली. वडापाव खाणारा कामगारच कितीतरी ठिकाणी वडापाव विकायला उभा राहिला. शिकागोची मंदी वाचताना माझा हात थांबला तो यासाठी.

पहाटे चारला आई बटाटे उकडायला लावायची. आम्ही भावंडं लसूण सोलायचो. बोटांना वास राहायचा, तो शाळेत मुलांना येऊ नये म्हणून मी हात खिशात ठेवायचो. आठवड्यातून एकदा तरी अतिक्रमणवाल्यांची गाडी यायची. कढई तापलेली असली तरी उचलायचे. दंड भरून गाडी सोडवून आणायची, की दुसऱ्या दिवशी परत तिथेच. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा देशव्यापी कायदा आला तो २०१४ साली आणि लागू झाला नेमका १ मे ला, महाराष्ट्र दिनी. तोवर अण्णांनी गाडी बंद करून तेरा वर्षं झाली होती.

मी नववीत असतानाची गोष्ट. शाळा बदलली होती, नवीन मित्र चांगल्या घरातले. एकदा त्यांच्याबरोबर स्टेशनवरून येत होतो. अण्णांनी मला पाहिलं आणि कागदात चार वडापाव बांधून पुढे केले. "घ्या रे पोरांनो." मित्राने विचारलं, "कोण रे हे?"

मी म्हणालो, "आमच्या चाळीत राहतात."

अण्णांनी ऐकलं. पैसे घेतले नाहीत. रात्री घरी काही बोललेही नाहीत. त्या गाडीवर माझं इंजिनिअरिंग झालं, बहिणीचं लग्न झालं, मंगळसूत्र सुटलं. २००१ साली मला नोकरी लागून स्थिरस्थावर झाल्यावर अण्णांनी गाडी बंद केली.

हे सगळं मी लेकीला मिस्ट्री क्रीकपासून रोटोटुनापर्यंतच्या रस्त्यात सांगितलं. ती गप्प होती. घर आल्यावर म्हणाली, "बाबा, आपण अण्णा आजोबांना फोन करू या. इंटरव्ह्यू."

इंटरव्ह्यू

संध्याकाळी सात वाजता फोन लावला. तिकडे दुपारचे साडेबारा, अण्णा जेवायला बसायच्या तयारीत. नातीने पाचही निकष विचारले. किंमत? "पहिल्यांदा बारा आणे." म्हणजे किती, ते समजावण्यात पाच मिनिटं गेली. कुरकुरीतपणा? "पिठात चमचाभर कडकडीत तेल." सॉस? "सॉस कसला! सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ. आजी कुटायची." रांग? "पाळी सुटली की करी रोडच्या पुलापर्यंत." आणि मागे उभा असलेला माणूस बोलायचा का? "गिऱ्हाइकाशी बोललंच पाहिजे की. नुसत्या वड्याला कोण येतो?"

मग मी फोन घेतला. चाळीत राहतात, ती गोष्ट काढली. चौतीस वर्षांनी. जमेल तशी माफी मागितली. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"अरे, खोटं कुठे होतं त्यात?" अण्णा म्हणाले. "चाळीतच राहत होतो की आपण!"

आणि हसायला लागले. मला हसता आलं नाही.

निकाल

प्रोजेक्टचा निकाल सांगायचा राहिला. हॅमिल्टनमधल्या बेस्ट हॉट डॉगचा मान फील्डेजच्या आजीला मिळाला. एका फुटबॉल क्लबचं सॉसेज सिझल दुसरं आलं, कांदा चांगला लालसर परतला होता म्हणून. शेवटच्या तक्त्यावर लेकीने अण्णांचा एक फोटो लावला. गाडीपाशी उभे, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. खाली लिहिलं होतं, "आमच्या घराण्यातला बेस्ट हॉट डॉग. करी रोड, १९८३ ते २००१." वर्गासमोर तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. नववीत मला जे एका मित्रासमोर जमलं नाही, ते तिने अख्ख्या वर्गासमोर केलं.

पुढच्या टर्ममध्ये शाळेच्या सॉसेज सिझलला मी आणि सौ.ने एका बाजूला वडे तळले. "आत काय असतं?" असं एका किवी आईने विचारलं, तेव्हा सौ.चा चेहरा बघण्यासारखा होता! "बटाटा, फक्त बटाटा," तिने अभिमानाने सांगितलं. सॉसेजच्या आधी वडे संपले. माझ्या मनगटावर तेलाचा एक थेंब उडाला. डाग अजून आहे.

असो. लेख लांबला. जाता जाता एकच विनंती. आपल्या मंडळात येणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांकडे अशी एखादी गाडी, एखादं दुकान, एखादी शिलाई मशीन असणार, जिच्यावर आपण शिकलो आणि विमानात बसलो. ती फोटोच्या अल्बममध्ये नसते, बायोडेटातही नसते. या दिवाळीत फराळाचं ताट पुढे ठेवाल तेव्हा मुलांच्या हातात एक वही द्या आणि आजोबांना प्रश्न विचारायला सांगा. पाचवा निकष विसरू नका.

आणि हो, यंदाच्या दिवाळी मेळाव्यात वडापावचा स्टॉल आमचा आहे. चटणी अण्णांच्या प्रमाणाने. कुणी विचारलं की वडील काय करायचे, तर सांगणार आहे, करी रोडला त्यांची वड्याची गाडी होती.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!